मांत्रिकाच्या पुढे कोण?

गेल्या दसऱ्याच्या सुटीत आमच्या थोरल्या बंधूंचा नातू चार दिवस काचीगुड्यास आमच्या घरी राहून गेला. मुलगा सोळा वर्षांचा. त्याचे आईवडील शहराच्या पश्चिमेस गच्चीबावलीच्या नव्या वस्तीत राहतात, आणि तो इंटरमीजिएटच्या पहिल्या वर्षात एम.पी.सी., म्हणजे गणित, पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन शिकत आहे. एके सायंकाळी तो लॅपटॉपपुढे वही उघडून पेन्सिलीने भराभर बेरजा-वजाबाक्या करीत बसलेला दिसला. अभ्यास चालला असावा अशा समजुतीने आम्ही कौतुकाने चौकशी केली. तो मान वर न करता म्हणाला, "आजोबा, मेज बनवतोय." ज्याचा सारा जन्म हैदराबादेत गेला त्याला मेज म्हणजे चार पायांची, जिच्यावर ताटे मांडतात ती वस्तू, एवढेच ठाऊक. सुतारकामाची आवड आमच्या घराण्यात कोणासच नव्हती, तेव्हा आम्हांस आश्चर्य वाटले. मागाहून उलगडा झाला की त्याचा मेज म्हणजे मांत्रिक. आणि वहीत चाललेला हिशेब त्या मांत्रिकाच्या अंगी कोणता गुण किती घालावयाचा, ह्याचा होता.

ह्या खेळाचे नाव 'रॅग्नारॉक ऑनलाइन'. ली म्युंग-जिन ह्या कोरियन चित्रकाराच्या चित्रकथेवरून तो रचला गेला आणि कोरियातील ग्रॅव्हिटी नावाच्या कंपनीने 2002 साली तो बाजारात आणला. गावोगावचे लोक आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक जगात वावरतात, टोळ्या करून गुहांत उतरतात, राक्षसांशी झुंजतात. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतासाठीही त्याचा स्वतंत्र सर्व्हर चालत असे. पुढे तो बंद पडला. 2010 साली कोरियात खेळाच्या नियमांची पुष्कळ उलथापालथ झाली, परंतु जुन्या नियमांवर जीव असणारे लोक अद्याप ते नियम पाळून खेळतात, आणि आमचा नातू त्यांपैकी एक आहे. मुलांचा खेळ म्हणून आम्ही हा विषय सोडून दिला असता. परंतु त्या वहीतले आकडे आम्ही कुतूहलाने पाहिले आणि त्या रात्री आम्हांस बराच वेळ झोप आली नाही. ते का, हे वाचकांस सांगावयाचे आहे.

प्रथम नियम सांगितले पाहिजेत. खेळातील प्रत्येक पात्राच्या अंगी सहा गुण असतात: बल, चपलता, प्राणशक्ती, बुद्धी, हस्तलाघव आणि दैव. (दैवही बाजारात मोजून विकत घेता येते, ही कल्पना आमच्या पंचांगवाल्या स्नेह्यांस विशेष आवडली.) पात्र जन्मास येते तेव्हा हे गुण जोडीजोडीने बांधलेले असतात. बल वाढविले की बुद्धी तेवढीच घटते. प्राणशक्ती आणि हस्तलाघव ह्यांचे तसेच. चपलता आणि दैव ह्यांचेही तसेच. प्रत्येक जोडीची बेरीज दहा. बल आणि बुद्धी एकमेकांचे वैरी आहेत हे ह्या कोरियन मंडळींनी कोठून ठरविले ते कळत नाही. आपल्याकडे मारुतीची स्तुती करताना त्याच्या बळाबरोबर त्याच्या बुद्धीचेही नाव घेतात, आणि त्यात कोणास विसंगती वाटत नाही. ते असो.

पुढे पात्राची पायरी चढत जाते तसतसे काही अंक हाती पडतात आणि ते खर्चून गुण वाढवावयाचे. येथे खरी मेख आहे. गुण खालच्या पातळीवर असता एक पायरी दोन अंकांत मिळते. दहाच्या पुढे तिला तीन पडतात, विसाच्या पुढे चार. असे होत होत नव्वदीच्या पुढे एकेक पायरी अकरा अंकांना पडते. एखादा गुण 1 पासून 99 पर्यंत, म्हणजे शिखरापर्यंत, न्यावयाचा तर 628 अंक लागतात. आणि पात्राची पायरी पहिलीपासून नव्याण्णवावीपर्यंत चढेतो सगळ्या आयुष्याची कमाई होते 1225.

आता मांत्रिकाचे पाहा. त्याच्या मंत्राचा जोर बुद्धीवर अवलंबून, आणि मंत्र म्हणावयास लागणारा वेळ हस्तलाघवावर. लाघव जसजसे वाढते तसतसा मंत्र लवकर पुरा होतो. वस्त्रालंकारांचे साहाय्य घेऊन ते 150 पर्यंत नेले तर वेळ मुळीच लागत नाही. म्हणून मांत्रिक घडविणाऱ्या बहुतेकांची ओढ ह्या दोन गुणांना शिखरास नेण्याची. जन्मतःच बल आणि प्राणशक्ती 1 वर ठेवून बुद्धी आणि लाघव 9 वर घ्यावयाचे. मग ते दोन्ही 9 पासून 99 पर्यंत नेण्यास 1224 अंक लागतात. कमाई 1225. हाती उरतो एक. आणि एका अंकाने ह्या जगात काहीच मिळत नाही, कारण सर्वांत स्वस्त पायरीसही दोन पडतात.

हा हिशेब आम्ही स्वतः दोनदा करून पाहिला. बरोबर आहे. दोन गुणांचे पूर्णत्व विकत घेण्यास सारे आयुष्य जवळजवळ तंतोतंत पुरते, आणि प्राणशक्ती 1 ची 1 च राहते.

मग सहाही गुणांना सारखे वाटून द्यावे, असे आमच्यासारख्या समत्वाची व्याख्याने देणाऱ्यास सुचणे साहजिक होते. नातू हसला, म्हणाला, करून पाहा. तसे केले तर प्रत्येक गुण 52 किंवा 53 वर येऊन थांबतो. 99 बुद्धीच्या मांत्रिकाचा मंत्र जास्तीत जास्त 460 च्या जोराने लागतो, तर 52 बुद्धीच्या मांत्रिकाचा 152 ने. जेमतेम तिसरा हिस्सा. आणि तो म्हणावयास वेळही जवळजवळ दुप्पट. असा सर्वगुणसंपन्न मांत्रिक गुहेत कोणाच्याच उपयोगाचा नाही. तेव्हा समत्वाचे तत्त्वज्ञान येथे पहिल्याच प्रश्नाला आडवे झाले, हे आम्ही मान्य करतो. एकांगीपणावर टीका करणे सोपे आहे. परंतु ज्या समाजात कोणीच एकांगी नाही, त्या समाजात दुखणे ओळखणारा वैद्य, पूल बांधणारा स्थपती आणि सुरात गाणारा गवई हे तिघेही सापडावयाचे नाहीत.

ह्याच्या उलट आक्षेपही आम्हांस सुचला आणि तो आम्ही नातवास ऐकविला. मनुष्याचे गुण असे बंद पेट्यांत ठेवलेले नसतात. एका गुणाच्या उजेडात दुसरा वाढतो. आमच्याच शहरात सेतुमाधवराव पगडी होऊन गेले. निजामाच्या राज्यात मुलकी अधिकारी म्हणून नोकरी, उर्दू-फारसीचा व्यासंग, गालिब आणि इक्बाल मराठीत आणण्याचा उद्योग, इतिहासलेखन, आणि आदिलाबादकडे असता गोंडांच्या भाषेचा अभ्यास, इतके सर्व एका देहात नांदले. एक भाषा आल्यामुळे पुढची त्यांना महाग नव्हे, स्वस्त पडत गेली असावी. खेळाच्या गणितात ही सोय नाही. नातवाने हे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "त्यांचा दिवस पण चोवीस तासांचाच होता ना?" ह्यास उत्तर नव्हते. गुणांची पेटी बंद नसेल, पण तासांची बंदच आहे.

परंतु ज्या आकड्यांनी आमची झोप घालविली ते हे नव्हेत. नातवाच्या वहीत एका पानाच्या तळाशी दोन ओळी होत्या. बुद्धी 91 वर आली असता तेथून 99 पर्यंत शेवटच्या आठ पायऱ्या चढण्यास 88 अंक लागतात. त्या आठ पायऱ्यांनी मंत्राचा सरासरी जोर शेकडा 12 ने वाढतो. तेच 88 अंक प्राणशक्तीकडे वळविले तर ती 1 वरून 30 वर जाते, आणि मांत्रिकाचा जीव शेकडा सुमारे 29 ने वाढतो. ह्या दोन ओळींपुढे त्याने प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते. पहिल्या दिवसापासून बसून जो हिशेब तो करीत होता, तो एवढ्याचसाठी.

आम्ही म्हटले, "ह्यात विचार कसला करावयाचा? शेकडा बारासाठी एकोणतीस कोण सोडील?"

"सगळे सोडतात," तो म्हणाला. "मेजला जीव लागतच नाही. मार खायला पुढे नाइट असतो."

मग त्याने टोळीची रचना समजावून दिली. मंत्र म्हणत असता अंगावर एक फटका बसला तरी सामान्यतः मंत्र मोडतो; प्रत्येक फटका मांत्रिकाचे श्रम मातीत घालतो. म्हणून टोळी गुहेत शिरते तेव्हा नाइट, म्हणजे चिलखत घातलेला योद्धा, पुढे होतो. त्याने आपले अंक प्राणशक्तीत घातलेले असतात. राक्षस त्याच्यावर तुटून पडतात. तो फटके खात उभा राहतो. त्याच्यामागे कोणी जखमा भरून काढणारा असतो. आणि सर्वांच्या मागे, सुरक्षित अंतरावर, मांत्रिक आपला मंत्र पुरा करतो. आकाशातून अग्नी किंवा हिमवर्षाव होतो, राक्षस पडतात, आणि वाहवा मांत्रिकाची होते. एकटा हिंडणारा मांत्रिकही असतो. तो आपल्यापुढे अग्नीची भिंत उभी करून तिच्याआडून लढतो. पण त्याची प्रगती सावकाश. आणि किल्ल्यांच्या लढाईत, जेथे समोर राक्षसांऐवजी माणसेच असतात व ती थेट मांत्रिकावरच चालून येतात, तेथे मुरलेले खेळाडू आपली सारी भिस्त बुद्धीवर न ठेवता प्राणशक्तीही वाढवितात, कारण अवचित आघाताने भोवळ येणे हे त्या गुणावाचून टळत नाही. एरवी मात्र 99 आणि 99, आणि जीव दुसऱ्याच्या पदरात.

म्हणजे एकांगी मांत्रिकाच्या अंगी जो गुण नाही, तो नाहीसा झालेला नसतो. तो दुसऱ्या कोणाच्या अंगी ठेवलेला असतो. हे आम्ही तत्त्वज्ञान शिकविताना 38 वर्षांत एकदाही म्हटल्याचे स्मरत नाही.

दुसऱ्या दिवशी नातवास घेऊन आम्ही सालारजंग संग्रहालयात गेलो. संगीत घड्याळापुढे तास वाजण्याची वाट पाहणारी गर्दी नेहमीप्रमाणेच होती. आम्हांस तेथे जावयाचे नव्हते. आम्हांस त्याला ती लाकडाची दुहेरी मूर्ती दाखवावयाची होती. एकोणिसाव्या शतकातील ही फ्रेंच कलाकृती एकाच ओंडक्यातून कोरलेली आहे. समोरून पाहावे तो मेफिस्टोफेलिस, डोक्यावरून वस्त्र घेतलेला, छाती काढून उभा, चेहऱ्यावर उद्दाम हास्य. मागे आरसा ठेवलेला आहे. त्यात दिसते ती मार्गारेटा, मान खाली घातलेली, हातात प्रार्थनेचे पुस्तक. पर्यटक दोन्ही बाजूंचे कौतुक करून पुढे जातात. ज्या कथेतून ही दोघे आली तिच्यातला नायक मात्र ह्या ओंडक्यात नाही.

तो नायक फाउस्ट. आणि तो मांत्रिक आहे. ग्योटेच्या नाटकाचा पहिला भाग 1808 साली प्रसिद्ध झाला. त्यातला फाउस्ट तत्त्वज्ञान, कायदा, वैद्यक आणि धर्मशास्त्र ह्या चारही विद्या पढलेला, तरी अतृप्त, म्हणून मंत्रविद्येकडे वळलेला विद्वान आहे. मेफिस्टोफेलिसाशी तो करार करतो तो स्वतःच्या आत्म्याचा. ह्या कराराची चर्चा सर्व जग करते. पण पहिल्या भागाच्या शेवटी हिशेब कोणी चुकता केला हे पाहिले तर फाउस्टने नव्हे, त्या मुलीने. तिची आई गेली, भाऊ गेला, तान्हे मूल गेले, आणि बंदिशाळेत ती मरणाची वाट पाहत राहिली. 1832 साली निघालेल्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस फाउस्टचा आत्मा वाचतो. शिल्पकाराने दोघांस एका लाकडात का कोरले असेल ते आम्हांस त्या दिवशी समजले असे वाटले. कदाचित त्याला केवळ कारागिरी दाखवावयाची असेल. तरीही आरशात पाहिल्याखेरीज ती मुलगी दिसत नाही, एवढे खरे.

खेळाला ज्या पुराणाचे नाव दिले आहे त्या उत्तर युरोपातील पुराणातही अशी एक कथा आहे. रॅग्नारॉक म्हणजे देवांचा अंतकाळ. त्या देवांचा राजा ओडिन, ज्ञानाच्या एका घोटासाठी मिमिरच्या विहिरीवर जातो आणि मोल म्हणून स्वतःचा एक डोळा काढून देतो. मोल जबर आहे, पण डोळा त्याचाच आहे. ओडिन आणि फाउस्ट ह्यांच्यातला हा भेद नातवास चटकन समजला. "म्हणजे ओडिननं स्वतःची व्हायटॅलिटी दिली," तो म्हणाला. आम्हांस ह्याहून चांगले सांगता आले नसते.

परक्यांच्या कथा सांगून आपण सुटका करून घेऊ नये. आमच्या कोंकणी समाजात धर्मानंद कोसंबी ह्यांचे नाव आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. गोव्यातील साखवाळ गावी 1876 साली जन्मलेला, फारसे शालेय शिक्षण नसलेला हा मनुष्य बुद्धाच्या ध्यासाने 1899 च्या अखेरीस घराबाहेर पडला. पुणे, काशी, नेपाळ करीत सिलोनला पोहोचला, तेथे पाली शिकला, आणि पुढे हार्वर्डसारख्या विद्यापीठास त्याच्या पालीच्या ज्ञानाची गरज भासली. एवढी एकाग्र घडण आमच्या समाजात दुसरी क्वचितच झाली असेल. परंतु तो घराबाहेर पडला तेव्हा मागे तरुण पत्नी आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी होती. काही वर्षांनी तो परतला, संसार पुन्हा मांडला; 1907 साली जन्मलेला त्याचा मुलगा दामोदर पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झाला. 'निवेदन' ह्या आत्मचरित्रात धर्मानंदांनी आपली कथा लपवाछपवी न करता सांगितली आहे, आणि तेच त्यांचे मोठेपण. आम्ही त्यांचा न्याय करावयास बसलेलो नाही. त्या विद्येपुढे आमची विद्या ती काय! पण बालाबाईंचे 'निवेदन' कोणी लिहिले नाही, आणि ते असते तर त्यातील पहिल्या सहा-सात वर्षांची पाने आम्ही आधी वाचली असती.

आता आमच्याविषयी. येथे लिहिणे जड जाते.

आमचे वडील 1964 साली वारले. अण्णा, म्हणजे ज्यांचा हा नातू ते आमचे थोरले बंधू, तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, आम्ही तेरा. पी.यू.सी. पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन पुढे गणित घ्यावयाचे त्यांनी ठरविले होते. त्यांना मोठाले गुणाकार तोंडी येत. देवळाच्या उत्सवाचा जमाखर्च ते कागद न घेता सांगत, आणि चिटणीसांच्या वहीतली चूक त्यांना ऐकूनच कळे. वडिलांचे दिवस झाले आणि आठवड्याच्या आत ते एका कारखान्यात कामास लागले. आम्ही विवेकवर्धिनीत होतो. फी भरावयाची होती. आम्हीही शाळा सोडून काही करावे काय, असे आईने विचारले, तेव्हा अण्णा एवढेच म्हणाले, "तूं वाच, हांव पळयतां." घरात कोंकणीत बोलावयाची त्यांची रीत. विषय संपला.

आम्ही वाचले. बी.ए. झालो, एम.ए.ला पहिला क्रमांक आला, सुवर्णपदक मिळाले. येथपर्यंत जे झाले त्याबद्दल आम्ही स्वतःस दोष देत नाही. 91 पर्यंत बुद्धी नेणे हे त्या घराला आवश्यकच होते, नाही तर अण्णांचे उभे राहणेही फुकट गेले असते. प्रश्न पुढच्या आठ पायऱ्यांचा आहे. एम.ए. होताच आम्हांस येथे एका शाळेत नोकरी मिळत होती. त्याच सुमारास अण्णा सायंकाळच्या महाविद्यालयाची माहिती काढीत होते. प्रवेशाचा अर्ज आम्ही स्वतः त्यांच्या टेबलावर पाहिला होता. परंतु आम्हांस संशोधनासाठी पुण्यास जावयाचे होते. आम्ही गेलो. तीन वर्षे लागली. प्रबंध स्वीकारला गेला, त्यावर चार विद्वानांनी बरे लिहिले, आणि आज तो कोणी वाचत नाही. शेकडा बारा म्हणावयासही संकोच वाटतो. आम्ही परत आलो तेव्हा अण्णांचे लग्न झाले होते, मूल झाले होते, आणि तो अर्ज कोठे गेला हे विचारण्याचे आमच्या मनातही आले नाही.

कोणी म्हणेल, त्यांनी स्वेच्छेने केले. प्रेमाच्या व्यवहारात जमाखर्च मांडू नये. हा युक्तिवाद आम्ही व्याख्यानांतून पुष्कळदा केला आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. निष्काम कर्मावर बोलताना तर हमखास. पण आता आम्हांस त्यात एक पळवाट दिसते. देणाऱ्याने हिशेब ठेवू नये, हे खरे. त्यावरून घेणाऱ्यानेही ठेवू नये, असे निघत नाही. शिवाय 'स्वेच्छेने' हा शब्द आम्ही फार सैल वापरला. एकोणीस वर्षांच्या मुलापुढे त्या आठवड्यात निवडण्याजोगे होते काय? त्या खेळात नाइट होणारा मुलगा नाइट व्हावयाचे ठरवून येतो. त्यालाही मांत्रिकाइतकेच 1225 अंक मिळतात आणि ते कोठे घालावयाचे हे तोच ठरवितो. अण्णांचे अंक कोणी ठरविले? परिस्थितीने, असे आम्ही इतकी वर्षे म्हणत आलो. पहिल्या वेळी परिस्थितीने. दुसऱ्या वेळी आम्ही.

आमच्या देवळांतून उत्सवाच्या दिवशी कीर्तनकाराच्या गळ्यात हार पडतो, आणि तो पडलाच पाहिजे. चुलीपाशी धुरात उभे असणारे आणि शेवटच्या पंगतीला उरलेसुरले जेवणारे, हे आपल्या दृष्टीस पडतात, पण त्यांच्यातील कोणाला कीर्तन करावयाचे होते काय, हे आपण विचारीत नाही. सेवेचे पुण्य मोठे, असे म्हणून आपण त्यांचे समाधान करतो. पुण्य मोठे असेल. मग ते वाटून घेण्यास कीर्तनकार एखाद्या वर्षी चुलीपाशी का येत नाहीत? अण्णा चाळीस वर्षे पंगतीत वाढप्याचे काम करीत होते. आम्ही चाळीस वर्षे प्रवचन केले.

खेळात चूक दुरुस्त करण्याचीही वाट असते. पूर्वी नसे. 'डायाब्लो' ह्या दुसऱ्या एका प्रसिद्ध खेळाचा दुसरा भाग 2000 साली निघाला. त्यात एकदा घातलेला अंक दहा वर्षे कोणास परत काढता आला नाही, ती मुभा 2010 साली मिळाली. गंमत अशी की त्या खेळातील मांत्रिकी घडविणारे जाणते लोक मंत्रशक्तीच्या खात्यात एकही अंक घालीत नाहीत. शस्त्र-चिलखत पेलण्यापुरते बल घेऊन बहुतेक सारे प्राणशक्तीत घालतात. नियम निराळे, म्हणून शहाणपण निराळे. रॅग्नारॉकमध्ये नव्याण्णवावी पायरी गाठलेल्या पात्रास पुनर्जन्मही घेता येतो. सारे गुण पुसले जातात, पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो, आणि मागील जन्माची पुण्याई म्हणून आरंभीच 48 च्या जागी 100 अंकांचे भांडवल मिळते. योगभ्रष्टाची गीतेतील कल्पना कोरियात पोहोचलेली पाहून आम्हांस गंमत वाटली. परंतु ह्या सर्व वाटा ज्याने अंक खर्चिले त्याच्यासाठी आहेत. ज्याचे दुसऱ्याने खर्चिले, त्याच्यासाठी कोणत्याही खेळात वाट नाही.

अण्णा 2016 साली गेले. त्यांच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी, हॉल आणि नाइट ह्यांचे बीजगणिताचे जुने पुस्तक निघाले. समासात पेन्सिलीने सोडविलेली उदाहरणे होती आणि प्रत्येकापुढे बारीक अक्षरांत तारीख. काही 1971 च्या, म्हणजे आम्ही नुकतेच एम.ए.ला गेलो होतो तेव्हाच्या. काही 1983 च्या. शेवटची 2009 ची. कोणाला दाखविण्यासाठी ती सोडविली नव्हती. ते पुस्तक आमच्याकडेच आहे आणि ते नातवास द्यावयाचे आम्ही आजवर टाळले, कारण देताना काय सांगावे हे कळत नव्हते. संग्रहालयातून परत आल्यावर त्या रात्री आम्ही ते त्याच्या हाती ठेवले आणि वर लिहिले आहे तेवढे सर्व सांगितले. त्याने बराच वेळ पाने चाळली. एका उदाहरणापाशी थांबून म्हणाला, "हे आजोबांनी माझ्या पद्धतीपेक्षा सोप्या पद्धतीनं केलंय."

नंतर त्याने लॅपटॉप उघडला. त्याच्या टोळीतला नाइट म्हणजे नांदेडचा एक मुलगा. दोघांची प्रत्यक्ष भेट कधी झालेली नाही, पण वर्षभर ते एकत्र खेळत आहेत. त्याला त्याने लिहून विचारले, तू नाइट का झालास? उत्तर यावयास थोडा वेळ लागला. ते आम्ही त्याच्या खांद्यावरून वाचले: "मलाही मेजच व्हायचं होतं. पण तू आधीच झाला होतास."

त्याच्या मांत्रिकाची बुद्धी 91 वर थांबली आहे आणि राहिलेले अंक प्राणशक्तीत गेले, असे त्याने जाताना सांगितले. त्याशिवाय त्याने एक नवे पात्र काढले आहे. रविवारी सकाळी नांदेडचा मुलगा मंत्र म्हणतो आणि हा ढाल घेऊन पुढे उभा राहतो. मागच्या रविवारी आम्ही दूरध्वनी करून कसे काय चालले आहे म्हणून विचारले.

"आजोबा, पुढे उभं राहायला येतच नाही मला अजून," तो म्हणाला. "सारखा मरतोय."